प्लेट बसली म्हणून निर्धास्त राहू नका

आमच्या शेजारच्या काकू मोरीत घसरल्या आणि दंडाचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत धातूची प्लेट आणि स्क्रू बसले. यथावकाश हाड जुळलं, काकू पोळ्याही लाटू लागल्या. "आता काय, आत पोलाद आहे!" असं हसून सांगायच्या.

वर्षभरानं पायपुसण्याला अडखळून त्या त्याच हातावर पडल्या. सुनेला घोर नको म्हणून गप्प राहिल्या. दोन दिवस हळदीचा लेप आणि तेलाचं मालिश केलं. तिसऱ्या दिवशी पंजा मनगटातून लुळा पडला, तेव्हा घरात कळलं. फोटोत दिसलं की हाड पुन्हा मोडलंय, आणि तेही नेमकं प्लेट संपते तिथं!

असं का व्हावं? जुन्या साडीला जाड ठिगळ लावलंत की पुढं ती फाटते ठिगळाच्या कडेला. तसंच हे. हाड किंचित लवतं, प्लेट तितकी लवत नाही. मग पडल्याचा ताण दोघांच्या सीमेवर येतो. त्यातून पाळी गेल्यावर हाडं विरळ होतात, तिथं स्क्रूची पकडही सैल पडू शकते. खांद्याचा कृत्रिम सांधा बसवलेल्यांनाही हा धोका असतो, कारण त्याची दांडी बहुधा याच हाडात उतरवलेली असते.

आणि मनगटाचं काय? मनगट उचलणारी नस दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून खाली जाते. मोडलेल्या हाडाची टोकं तिला इजा करू शकतात. म्हणून पडल्यावर दंड दुखला, सुजला तर चोळू नका, ओढू नका. जुन्या साडीची झोळी करून हात गळ्यात अडकवा आणि लगेच दवाखाना गाठा. आधीच्या ऑपरेशनचे कागद आणि फोटो बरोबर न्या. आत कुठली प्लेट आहे हे कळलं की डॉक्टरांचं काम सोपं होतं.

ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर आणखी जपा. प्लेट फक्त धरून ठेवते, जुळायचं काम हाडाचंच! त्याला साधारण ३ महिने लागतात, कधी जास्तही. हाड जुळलंच नाही तर सतत भार सोसून धातूही थकून तुटतो. डॉक्टर हो म्हणेपर्यंत भरलेली बादली उचलणं, चादरी पिळणं, हातावर जोर देऊन उठणं बंद. सांगितलेले व्यायाम मात्र चुकवू नका, नाहीतर खांदा आखडतो. मशेरी-तंबाखू सोडायला लावा, त्यानं हाड जुळायला उशीर होतो.

मोरीत धरायला दांडा, रात्री मिणमिणता दिवा, न सरकणारं पायपुसणं एवढं तरी घरात कराच. हाडांच्या घनतेची तपासणी आणि कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

काकूंचं दुसरं ऑपरेशन झालं. मनगट पुन्हा उचलायला ५ महिने लागले. "घोर नको म्हणून गप्प बसले, आणि घोर दुप्पट केला," असं त्या आता म्हणतात. तुमच्या सासूबाई, आई अशाच गप्प बसणाऱ्या असतील. त्या सांगतील याची वाट पाहू नका, तुम्हीच विचारा.