पळी गेली, चमचा आला

मगरिबच्या अजानला दहा मिनिटं उरली की आमच्या घरात पातेल्यात पळी फिरल्याचा आवाज येतो. शरबत हे अम्मीचं खातं. तिच्या लेखी शरबत म्हणजे लालभडक आणि चांगलं गोड. फिकं शरबत दिलं तर घरच्यांनी हात आखडला, असं पाहुण्याला वाटणार!

उर्दूतलं 'शरबत' आणि मराठीतलं 'सरबत' एकाच अरबी धातूतून आलं. त्याचा अर्थ फक्त 'पिणे'. त्यात गोडाचा उल्लेख नाही. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ मध्ये दिल्लीत हमदर्द दवाखाना सुरू केला आणि पुढे तिथेच रूह अफजा तयार झालं, उन्हाळ्यात थंडावा देणारं युनानी औषध म्हणून. फाळणीनंतर त्यांचा थोरला मुलगा दिल्लीत राहिला, धाकटा कराचीला गेला. शरबत दोन्हीकडच्या दस्तरखानावर राहिलं. औषध मापून घ्यायचं असतं. आपण ते पळीने ओतू लागलो.

गेल्या रमजानमध्ये इफ्तारनंतर अम्मीला गरगरलं. रक्तातली साखर तपासली, तीनशेच्या वर! डॉक्टर म्हणाले, "रोजे ठेवायचे की नाही ते औषधं बघून ठरवू. आधी हा ग्लास कमी करा." अम्मी तीन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. रोजा सुटेल या भीतीपुढे मात्र शरबताचा हट्ट टिकला नाही.

आम्ही हिशोब मांडला. घट्ट सिरपमध्ये साधारण दोन तृतीयांश साखर असते. पळीभर, म्हणजे तीस मिलिलिटर सिरप घेतलं, तर पोटात पाचेक चहाचे चमचे साखर जाते. 'स्क्वॅश' म्हणवणाऱ्या पेयात नियमाप्रमाणे किमान २५ टक्के फळाचा रस लागतो. साखर मात्र त्यातही भरपूर. म्हणून बाटलीमागचा मजकूर वाचावा.

तेवढ्यात मालवणच्या शेजारीणबाईंनी कोकमाच्या आगळाची बाटली दिली. आगळ म्हणजे मीठ घालून काढलेला कोकमाचा रस, साखरेविना. ग्लासभर गार पाण्यात दोन चमचे आगळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, भिजवलेला सब्जा. वरून मीठ घालायचं नाही. रक्तदाब असलेल्यांनी आगळही बेतानेच घ्यावं. हेच आगळ नारळाच्या दुधात घातलं की सोलकढी होते. कोंबडीला लिंबाऐवजी लावून पाहिलं, तेही छान लागलं.

बाटल्या टाकून द्यायची मात्र गरज नाही. फिरनी गार झाल्यावर दोन चमचे गुलाबाचं सिरप घाला आणि शिजवतानाची साखर तेवढी कमी करा. संत्र्याचं स्क्वॅश फ्रूट चाटवर साखरेऐवजी चमचाभर शिंपडा. दुधात ते घालू नका, दूध फाटतं.

यंदा आमच्या दस्तरखानावर साध्या पाण्याचा जग, सिरपची बाटली आणि एक छोटा चमचा असतो. ज्याने त्याने आपलं शरबत आपणच करावं. अम्मीचा ग्लास आगळाचा. परवा पाहुणे आले, तर तिने स्वतःच बाटली पुढे केली, "कोकणातलं आहे, पिऊन बघा." त्यांनी दुसरा ग्लास मागितला, तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही युक्ती तिचीच होती.