नाकाची झडप खचणे

नाकाची झडप खचणे (नेझल व्हॉल्व्ह कोलॅप्स) म्हणजे श्वास आत घेताना नाकाची बाजूची भिंत आत ओढली जाऊन, किंवा मुळातच अरुंद असलेल्या जागेमुळे, हवेचा मार्ग रोखला जाणे होय. नाक सतत चोंदण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. औषधांनी ते दूर होत नाही. त्यावरील कायमचा उपाय बहुधा शस्त्रक्रिया हाच असतो.

रचना आणि कार्य

नाकाला दोन झडपा मानल्या जातात. बाह्य झडप नाकपुडीच्या कडेने बनते. आंतरिक झडप तिच्या वरच्या बाजूस, नाकाचा मधला पडदा आणि वरची पार्श्व कूर्चा यांमधील कोनात असते. खालच्या टर्बिनेटचे पुढचे टोकही तिची एक सीमा असते. पाठ्यपुस्तकांत हा कोन साधारण १० ते १५ अंशांचा सांगितला जातो. हा नाकातील सर्वांत अरुंद भाग असून हवेला होणारा बराचसा विरोध येथेच होतो. त्यामुळे येथे एखाद्या मिलिमीटरचा फरक पडला तरी रुग्णाला तो जाणवतो. अरुंद जागेतून हवा वेगाने गेली की तेथील दाब घटतो आणि कमकुवत भिंत आत ओढली जाते.

कारणे

नाकाचा आकार बदलण्याच्या पूर्वीच्या शस्त्रक्रियेत कूर्चा प्रमाणाबाहेर काढली जाणे, मार लागणे, वाढत्या वयात ऊती सैल होणे, चेहऱ्याच्या मज्जातंतूचा पक्षाघात आणि जन्मजात कमकुवत कूर्चा ही प्रमुख कारणे होत. मधला पडदा वाकडा असल्यासही झडप अरुंद होते.

निदान

निदान मुख्यतः रुग्णाची हकिकत व प्रत्यक्ष तपासणी यांवरून होते. त्यासाठी एकच निर्णायक चाचणी नाही. कॉटल चाचणीत गाल बाहेरच्या बाजूस ओढला जातो. इतर कारणांनी नाक चोंदलेले असतानाही या चाचणीत बरे वाटू शकते. म्हणून बारीक सळईने झडपेच्या भिंतीला आतून आधार देऊन पाहणे अधिक उपयुक्त ठरते. नाकावर चिकटवायच्या पट्टीने श्वास मोकळा होत असेल, तर तोही एक संकेत असतो.

ठाण्यातील घोडबंदर रस्त्यासारख्या वर्दळीच्या व धुळीच्या भागात चोंदलेल्या नाकाचे खापर ॲलर्जीवर फोडले जाणे स्वाभाविक आहे. ॲलर्जी आणि खचलेली झडप एकाच रुग्णात असू शकतात. फवाऱ्याने सूज उतरते, मात्र खचलेल्या भिंतीला आधार मिळत नाही. त्याचप्रमाणे झडपेचा दोष लक्षात न घेता केवळ पडदा सरळ केला, तर शस्त्रक्रियेनंतरही तक्रार उरते.

शस्त्रक्रिया

आंतरिक झडपेसाठी पडदा आणि वरची पार्श्व कूर्चा यांमध्ये कूर्चेची पातळ पट्टी बसवतात. ही ‘स्प्रेडर ग्राफ्ट’ पद्धत जॅक शीन यांनी १९८४ मध्ये मांडली. बाजूची भिंत आत ओढली जात असल्यास ‘बॅटन ग्राफ्ट’ किंवा खालच्या पार्श्व कूर्चेला आधार देणारी पट्टी वापरतात. कूर्चा शक्यतो मधल्या पडद्यातून घेतात. ती अपुरी असल्यास कानातून किंवा बरगडीतून घेतली जाते. शरीरात विरघळणारे रोपण आणि रेडिओलहरींच्या उष्णतेचा वापर हे कमी छेदाचे नवे पर्याय आहेत.

परिणाम

यश मोजण्यासाठी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘नोज’ प्रश्नावली सर्वत्र वापरली जाते. तिच्या पाच प्रश्नांवरून ० ते १०० गुण दिले जातात. गुण जितके जास्त तितका त्रास अधिक. योग्य निवड झालेल्या बहुसंख्य रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर हे गुण लक्षणीय घटतात. मात्र बरेच अभ्यास तुलनात्मक गटाविना झालेले असल्याने कोणती पद्धत सर्वोत्तम, हे निश्चितपणे सांगता येत नाही.

सुरुवातीच्या आठवड्यांत सुजेमुळे नाक अधिक चोंदल्यासारखे वाटू शकते. अंतिम परिणाम काही महिन्यांनी कळतो. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पट्टी सरकणे किंवा बाहेरून दिसणे, नाकाचा दांडा रुंद वाटणे आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे हे संभाव्य धोके होत. आकारातील किंचित बदल श्वासाच्या मोबदल्यात मान्य आहे का, याची चर्चा आधीच होणे आवश्यक असते.

इतिहास

नाकाची पोकळी उघडी ठेवण्याची अडचण जुनीच आहे. तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रजी सैन्याकडील कावसजी नावाचा मराठा गाडीवान टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला व त्याचे नाक कापण्यात आले. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातील एका कारागिराने कपाळाच्या कातडीपासून त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही पद्धत सचित्र प्रसिद्ध केली. त्या वर्णनानुसार दहाव्या दिवशी नाकपुड्या पुरेशा उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे तुकडे घालत. केवळ कातडीचे नाक आतून आधार नसल्याने आकसू शकते. म्हणूनच आजच्या नासापुनर्रचनेत कातडीखाली कूर्चेचा सांगाडा आणि आतले अस्तरही तयार केले जाते.