पावसातली रोषणाई: दिव्याइतकाच वायरचा सांधा सांभाळा

मराठवाड्यात रोषणाईचे दिवस आणि पावसाचे दिवस बहुधा एकत्रच येतात. १५ ऑगस्टला सरकारी इमारतींवर तिरंगी दिवे लागतात, मागोमाग गणपती बसतात, १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन येतो आणि मग नवरात्र. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्याआधी काही दिवस शेजारच्या मुखेड तालुक्यातल्या गावांत पुराचे पाणी शिरले होते. त्या वर्षी घटस्थापना २२ सप्टेंबरला झाली, आणि त्या महिन्यातही मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार उडवला होता. उदगीरमध्ये चौबाऱ्यापासून मोंढ्यापर्यंत आणि बिदर रस्त्यापासून देगलूर रस्त्यापर्यंत मांडव, कमानी आणि दिव्यांच्या माळा उभ्या राहतात, त्या अशा हवेत.

पूर्वी मांडवात साधे बल्ब आणि ट्यूबलाइट असत. आता लखलखणारे स्ट्रोब, गरगर फिरणारे शार्पी, रंगीत पार लाइट आणि इमारतभर सोडलेल्या एलईडी माळा असतात. पाऊस आला की या सगळ्यावर ठरलेला उपाय केला जातो. दिव्यावर पन्नी चढवायची आणि तोंडाशी टेप गुंडाळायची. त्याने दिवा बिघडण्यापासून वाचेल न वाचेल, पण खाली उभ्या असलेल्या पोराचा जीव वाचण्याशी त्या पन्नीचा फारसा संबंध नसतो. शॉक बसतो तो बहुतेक वेळा सांध्यातून, जमिनीवर पडलेल्या बोर्डातून किंवा करंट उतरलेल्या लोखंडी पाइपातून.

शरीराला किती करंट पुरतो?

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते. शरीरातून किती करंट वाहणार, हे मुख्यतः त्वचेच्या विरोधावर ठरते. कोरडी, राठ त्वचा करंटला बरीच अडवते. तिचा विरोध काही हजारांपासून एक लाख ओहमपर्यंत असू शकतो. हातपाय ओले झाले की हा विरोध झपाट्याने घसरतो आणि शरीराचा एकूण विरोध साधारण एक हजार ओहमवर येतो. २३० ला १००० ने भागले की ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर येतात.

साधारण एक मिलिअँपिअरला झिणझिण्या जाणवतात. दहा-पंधराच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात. मूठ मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा ताकदवान असल्यामुळे माणूस वायर सोडू शकत नाही. ‘करंटने धरून ठेवले’ असे लोक म्हणतात ते यामुळेच. तीसच्या आसपास श्वासाचे स्नायू जखडू लागतात. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर छातीतून गेले की हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरू लागते. अशा हृदयातून रक्त पुढे ढकलले जात नाही आणि काही सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो. कोरड्या दिवशी हात झटकून ‘हलका शॉक बसला’ म्हणून सोडून दिली जाणारी वायर पावसात, अनवाणी पायांनी, जीव घेऊ शकते ती अशी.

पाणी शिरते कुठून?

बाहेर वापरायच्या दिव्यांवर ‘आयपी’ ही दोन अक्षरे आणि पुढे दोन आकडे छापलेले असतात. पहिला आकडा धुळीपासूनचे संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचे. आयपी २० म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही. असा दिवा छताखालीच हवा. आयपी ४४ चारही बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसतो. आयपी ६५ वर पाण्याचा फवारा आला तरी चालते. दिवे भाड्याने घेताना हा आकडा विचारून घ्यावा. स्टेजसाठी बनवलेल्या अनेक दिव्यांना हवा खेळण्यासाठी फटी आणि पंखा असतो. ते उघड्या पावसासाठी नसतातच.

मात्र हा आकडा फक्त दिव्यापुरता असतो. आयपी ६५ च्या दिव्याची वायर पुढे पिळून, काळी टेप लावून दुसऱ्या वायरला जोडली, तर त्या सांध्याला कसलेच संरक्षण उरत नाही. टेपच्या वळशांमधून पाणी आत झिरपते आणि तिथेच साचून राहते. वायरवर बसलेली धूळ ओली झाली की तीही करंट वाहू लागते. म्हणून सांधे शक्य तितके कमी असावेत. जे असतील ते झाकणाच्या जलरोधक जंक्शन बॉक्समध्ये, जमिनीपासून वर आणि छताखाली असावेत. बॉक्समध्ये शिरणाऱ्या वायरीला आधी खाली झोळ द्यावा. मग वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून पडते, बॉक्सात शिरत नाही. या झोळाला एक पैसाही लागत नाही.

पन्नीचा दोष असा की ती पाणी अडवते तशी वाफही कोंडते. दिवा तापतो, पहाटे हवा गार होते आणि पन्नीच्या आतल्या बाजूला दव जमते. शिवाय हवा कोंडल्याने दिवा जास्त तापतो. पन्नी वितळण्याचा, पेट घेण्याचा धोका वेगळाच. त्यापेक्षा दिव्याच्या वर उतरती पत्र्याची किंवा जाड प्लॅस्टिकची टोपी बसवावी आणि खालची बाजू व कडा मोकळ्या ठेवाव्यात. पत्र्याची कड वायरीला घासणार नाही एवढे मात्र पाहावे.

स्ट्रोब लाइटचे वेगळेपण

जुन्या धाटणीच्या स्ट्रोबमध्ये झेनॉन वायूची काचेची नळी असते. तिच्यामागच्या कपॅसिटरमध्ये साधारण तीनशे किंवा त्याहून जास्त व्होल्टचा साठा होतो, आणि प्रत्येक लखलखाटाला नळी पेटवण्यासाठी काही हजार व्होल्टचा ठोका दिला जातो. त्यामुळे यात ओल शिरली तर ती साध्या बल्बपेक्षा जास्त त्रासदायक ठरते. तापलेल्या नळीवर गार पाण्याचा थेंब पडला तर काच तडकू शकते. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे प्लग काढल्यावरही कपॅसिटरमधला साठा काही वेळ टिकतो. भिजलेला स्ट्रोब प्लग काढून लगेच उघडला तरी शॉक बसू शकतो. असा दिवा मांडवात उघडूच नये, दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावा. नव्या एलईडी स्ट्रोबमध्ये ही नळी नसते, पण त्यालाही मागून येणारी वीज २३० व्होल्टचीच असते. आयपी आकडा आणि सांध्यांचा नियम त्यालाही लागू आहे.

एमसीबी माणूस ओळखत नाही

‘आपल्याकडे एमसीबी आहे, शॉक बसला की आपोआप पडेल’ हा समज अनेक ठिकाणी ऐकू येतो. तो चुकीचा आहे. एमसीबी वायर तापून जळू नये म्हणून असतो. सहा अँपिअरचा एमसीबी सहा हजार मिलिअँपिअरपर्यंत करंट बिनतक्रार जाऊ देतो. ओल्या शरीरातून जाणारे २३० मिलिअँपिअर त्याच्या खिजगणतीतही नसतात.

माणूस ओळखतो तो आरसीसीबी. जाणारा करंट आणि परत येणारा करंट सारखा आहे का, एवढेच तो सतत तपासत असतो. फरक पडला म्हणजे करंट दुसऱ्याच वाटेने, कदाचित कुणाच्या तरी शरीरातून, जमिनीत चालला आहे. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी ही गळती होताच सेकंदाच्या एका अंशात वीज तोडतो. त्याच्यावर ‘टी’ लिहिलेले बटण असते. ते रोज संध्याकाळी दिवे लावण्याआधी एकदा दाबून पाहावे. वीज तुटली नाही तर तो आरसीसीबी निकामी आहे. कुणी दोन हातांनी फेज आणि न्यूट्रल दोन्ही धरले तर मात्र तोही वाचवू शकत नाही. जनरेटरवरच्या मिरवणुकीच्या गाडीत तो आपोआप काम करेलच असे नाही. तिथली न्यूट्रल आणि अर्थिंगची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

खरी अडचण पुढे येते. पाऊस सुरू झाला की आरसीसीबी वारंवार पडतो, आरतीच्या वेळी मांडव अंधारात जातो, आणि वैतागून कुणीतरी तो काढून वायर थेट जोडतो. हा त्या रात्रीचा सगळ्यात धोक्याचा क्षण असतो. पडणारा आरसीसीबी कुठेतरी पाणी शिरल्याचे सांगत असतो. त्यावर सोपा उपाय आहे. सगळी रोषणाई एकाच आरसीसीबीवर न ठेवता मूर्तीजवळचे दिवे, मांडवाबाहेरच्या माळा, कमान आणि ध्वनियंत्रणा असे गट पाडून प्रत्येकाला वेगळा आरसीसीबी द्यावा. मग एक माळ भिजली तर तेवढीच विझते, आरती उजेडातच होते आणि दोष कुठे आहे हेही लगेच कळते.

मांडवाच्या लोखंडी पाइपांना अर्थिंग द्यावे. माळा पाइपाला बाइंडिंगच्या तारेने आवळू नयेत. वाऱ्याने माळ हलत राहते, तार वायरीचे आवरण कापते आणि सगळा सांगाडा करंट धरतो. नायलॉनची टाय वापरावी. दोन पिनांच्या माळेचा प्लग उलटा बसला तर बटण बंद करूनही माळेत फेज राहू शकतो. म्हणून हात लावण्याआधी प्लगच काढावा. आकडा टाकून वीज घेऊ नये. महावितरण उत्सवासाठी मंडळांना तात्पुरती जोडणी देते. ती घ्यावी. कमान किंवा उंच मूर्ती ११ हजार व्होल्टच्या तारांखालून नेऊ नये. तिथे तारेला स्पर्श न होताही ठिणगी उडी घेते.

पाऊस आला की

जोराचा पाऊस किंवा विजा सुरू झाल्या की बाहेरच्या दिव्यांचा मेन स्विच बंद करावा. पाऊस थांबल्याबरोबर तो चालू करू नये. आधी सांधे, होल्डर आणि बोर्ड पाहावेत, ओले ते पुसून वाळू द्यावेत, मग एकेक गट चालू करावा. भिजल्या हाताने, अनवाणी, लोखंडी शिडीवर चढून माळ हलवू नये. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, मांडवाभोवती डबकी साचतात. त्यांत वायर लोळत नाही ना, हे लहान मुले येण्याआधी पाहिले पाहिजे. दिवाळीत घरी टांगलेल्या आकाशकंदिलालाही हेच नियम लागू आहेत. सांधा गॅलरीच्या आत आणि वायरीला झोळ.

कुणाला शॉक बसलाच तर

धावत जाऊन त्याला हात लावू नका, आधी मेन बंद करा. ‘कोरड्या लाकडाने दूर करा’ हे आपण शाळेत शिकलो आहोत, पण पावसात मांडवातला बांबूही ओलाच असतो आणि ओले लाकूड करंट वाहते. म्हणून मेन स्विच कुलपात किंवा स्टेजच्या मागे अडगळीत नसावा. मंडळातल्या प्रत्येकाला त्याची जागा ठाऊक हवी. तार विजेच्या खांबावरची असेल तर जवळ जाऊ नका, लोकांना लांब ठेवा आणि महावितरणला १९१२ वर कळवा.

वीज बंद झाल्यावर माणूस हाकेला उत्तर देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन करा आणि ताबडतोब छाती दाबायला सुरुवात करा. अधूनमधून येणारी घरघर किंवा आचका म्हणजे श्वास नव्हे. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर खाली जाईल असे, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. दमलात तर दुसऱ्याने पुढे व्हावे. तोंडात पाणी ओतणे, अंगावर माती थापणे किंवा मातीत पुरणे यात मोलाची मिनिटे जातात. विजेने थांबलेले हृदय पुष्कळदा निरोगी, तरुण माणसाचे असते. वेळेत छाती दाबली आणि झटका देणारे यंत्र मिळाले तर ते पुन्हा चालू होण्याची आशा चांगली असते.

शॉक बसूनही माणूस उठून बसला तरी काही बाबतींत रुग्णालयात जायलाच हवे. क्षणभर शुद्ध हरपली असेल, छातीत धडधड किंवा दुखणे असेल, अंगावर भाजल्याची खूण असेल, बाई गरोदर असेल किंवा मूल लहान असेल, तर ईसीजी काढून घ्यावा. भाजल्याची खूण रुपयाएवढी दिसली तरी आत स्नायू जळालेले असू शकतात. त्यांतून सुटलेले घटक मूत्रपिंडात अडकतात आणि लघवी काळपट होते. अशी लघवी दिसली तर एक तासही वाट पाहू नये.

मंडळे वर्गणीचा हिशेब ठेवायला एक माणूस नेमतात, मिरवणुकीला एक नेमतात. तसाच रोज रात्री मेन स्विचजवळ थांबणारा एक माणूस नेमावा. त्याच्या पायात कोरड्या रबरी चपला असाव्यात, खिशात टॉर्च असावी, आणि पाऊस आला की कुणालाही न विचारता वीज बंद करण्याचा अधिकार त्याला असावा.