रामघाटाचं पाणी आणि दोन नॅनोमीटरचं कवच

उज्जैनच्या रामघाटावर क्षिप्रेत उतरलं की पाणी गुडघ्याला लागतं आणि माणूस हात जोडतो. पण उन्हाळ्यात क्षिप्रा स्वतःच्या बळावर एवढी वाहत नाही. तिच्यात नर्मदेचं पाणी आणून सोडायची योजना फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाली. खर्च ४३२ कोटी रुपये, क्षमता सेकंदाला ५,००० लिटर. चला, हा आकडा जरा हातात घेऊन बघूया.

सेकंदाला ५,००० लिटर म्हणजे दिवसाला ४३.२ कोटी लिटर. म्हणजे रोजच्या एका लिटरच्या क्षमतेमागे बरोबर दहा रुपये खर्च झाले! आता एक विहीर डोळ्यासमोर आणा : २० फूट रुंद आणि पन्नास फूट खोल, काठोकाठ भरलेली. हा प्रवाह ती दीड मिनिटात भरेल. दिवसभरात अशा जवळपास हजार विहिरी भरतील. एका तालुक्याच्या विहिरी सकाळी कोरड्या, दुसऱ्या सकाळी तुडुंब!

एप्रिल २०१६ आठवतो? उज्जैनला सिंहस्थ भरत होता आणि त्याच उन्हाळ्यात तहानलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं. पन्नास वाघिणी, एका खेपेला २५ लाख लिटर. सारा महाराष्ट्र त्या गाडीकडे डोळे लावून होता. नर्मदेचा हा प्रवाह तशा गाड्यांतून न्यायचा म्हटलं तर दर ८ मिनिटं २० सेकंदांनी एक गाडी सुटायला हवी. दिवसाला १७२ गाड्या, आणि तरी थोडं पाणी उरेलच.

शिवाय हे पाणी उतारावरून येत नाही. जवळपास पन्नास किलोमीटर नळातून ते सुमारे साडेतीनशे मीटर वर चढवावं लागतं. एकावर एक पावणेपाच कुतुबमिनार! दर सेकंदाला पाच टन वजन तिथवर न्यायचं, म्हणजे नुसत्या पाण्यालाच सुमारे २३,००० अश्वशक्ती लागते. शेतावरच्या पाच अश्वशक्तीच्या साडेचार हजार मोटारी एका दमात लावल्या तरी कमी पडतील.

हे सगळं ओझं पंपाच्या पोटात फिरणाऱ्या पात्यांच्या चाकावर, म्हणजे इंपेलरवर येतं. मोठ्या पंपांत तो पुष्कळदा ओतीव स्टेनलेस स्टीलचा असतो. ६० सेंटिमीटर व्यासाचा, दोनशे किलोचा एक इंपेलर धरा. मिनिटाला १,४८० फेऱ्या, दिवसाला एकवीस लाखांवर. त्याची कड ताशी १६७ किलोमीटरने धावते. त्या वेगाने मुंबईहून पुणे तासाच्या आत येईल. आणि ही धाव चोवीस तास, पाण्यात!

मग तो गंजत का नाही? क्रोमियममुळे. पोलादात ते सुमारे १९ टक्के असतं आणि पृष्ठभागावर ऑक्साइडचं कवच धरतं. त्याची जाडी? सुमारे दोन नॅनोमीटर! वहीच्या एका कागदाच्या जाडीत अशी पन्नास हजार कवचं मावतील.

इंपेलरचं पातं ३० मिलिमीटर जाड असेल, तर ते फुगवत फुगवत मुंबई-पुणे अंतराएवढं, दीडशे किलोमीटर करा. त्या मापात हे कवच होतं एक सेंटिमीटर. फक्त एक!

या कवचाच्या जिवावर उठलेला असतो पोलादातलाच कार्बन. एक किलो पोलादात तो ८ शतांश टक्काच, म्हणजे पाऊण-एक ग्रॅम. पण अणू मोजा : पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच लाख कोटी येतील. अणूला एक रुपया दिला तर झोपडीतलं पोरही अब्जाधीशांना मागे टाकेल! वाळूच्या साच्यात ओतकाम सावकाश निवतं. ८७० ते ४२५ अंशांच्या टप्प्यात ते रेंगाळलं की सहा कार्बन मिळून तेवीस क्रोमियम पकडतात. वजनात एक ग्रॅमला साडेसोळा ग्रॅम.

दोनशे किलोच्या इंपेलरमध्ये ३८ किलो क्रोमियम असतं. सगळ्या कार्बनने हात मारला तरी पावणेतीन किलोही जात नाही, पस्तीस किलो शिल्लक राहतं. तरी घात होतो, कारण ही चोरी सगळीकडून सारखी होत नाही. ती होते धातूच्या कणांच्या सीमेवर. आपल्या मुंबई-पुणे मापात एक मिलिमीटरचा कण म्हणजे पाच किलोमीटरचं शेत, आणि शंभर नॅनोमीटरचा क्रोमियम हरवलेला पट्टा म्हणजे त्याचा अर्ध्या मीटरचा बांध. तिथलं क्रोमियम १२ टक्क्यांखाली उतरलं की कवच नीट धरत नाही. गंज शेतात शिरतच नाही. बांधाबांधाने आत उतरतो. वरून पातं लखलखीत, आतून कण सुटे!

इलाज फाउंड्रीतल्या हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत आहे. ओतकाम किमान १,०४० अंशांपर्यंत तापवायचं आणि धरून ठेवायचं. कार्बनची पकड विरघळते, क्रोमियम सुटतं, बांधावर परततं. आणि मग घाई! लालभडक तुकडा थेट पाण्याच्या टाकीत. दोनशे किलोचा तुकडा निवताना जी उष्णता टाकतो तिच्यावर दोन हजारांहून जास्त कप चहाचं पाणी उकळेल. ही सगळी धावपळ ८७० ते ४२५ हा टप्पा झटकन ओलांडण्यासाठी, कार्बनला पुन्हा हात मारायला सवड मिळू नये म्हणून.

ती सवड मिळाली नाही की शेतात १९ टक्के, बांधावरही १९ टक्के. दीडशे किलोमीटर पोलादावर एक सेंटिमीटरचं अखंड कवच! वाळूच्या कणाने ते ओरबाडलं, तर पाण्यातलाच ऑक्सिजन घेऊन सेकंद उलटायच्या आत ते पुन्हा धरतं. दिवसाला एकवीस लाख फेऱ्यांत, दर ओरखड्यागणिक, पुन्हा पुन्हा.