‘तोड’ आणि ‘छाटणी’: अंगणातील वृक्षाची परिभाषा

एखाद्या व्यवसायाची परिभाषा किती सूक्ष्म असावी, हे त्या व्यवसायात चूक झाली असता किती हानी होते यावर पुष्कळसे अवलंबून असते. अहमदनगर जिल्हा (2024 पासून अहिल्यानगर) या दृष्टीने बोधप्रद आहे. येथील द्राक्षांचा बागाईतदार नुसते ‘छाटणी’ म्हणून थांबत नाही. एप्रिलमधील ती ‘खरड छाटणी’ आणि ऑक्टोबरमधील ती ‘फळछाटणी’ होय. पहिलीचा हेतू नवी काडी तयार करणे हा असतो, तर दुसरीचा त्या काडीवर घड आणणे हा असतो. डाळिंबाचा बागाईतदारही ‘ताण’, ‘पानगळ’, ‘बहार धरणे’ हे शब्द काटेकोरपणे वापरतो. आणि बहार म्हटला की मृग, हस्त की आंबे, हे सांगितल्यावाचून त्याचे वाक्य पुरे होत नाही.

याच बागाईतदाराच्या अंगणात एखादा जुना कडुनिंब असतो. त्याच्या फांद्या कौलांवर वा गच्चीवर येऊ लागल्या म्हणजे माणूस बोलावला जातो आणि त्याला सांगितले जाते, “निंब जरा तोडून द्या.” येथे परिभाषा एकाएकी संपते. ‘तोडणे’ या क्रियापदाचा आवाका फार मोठा आहे. फूल तोडले तर झाडाला काही होत नाही. फांदी तोडली तर थोडे होते. झाड तोडले तर ते उरतच नाही. क्रियापद तेच राहते, बदलते ते केवळ कर्म. म्हणूनच कर्म संदिग्ध राहिले की क्रियेची मर्यादाही संदिग्ध राहते, आणि ‘जरा’ या अव्ययावर सारा भार पडतो.

या जिल्ह्यात ‘तोड’ या नामाला आणखी एक अर्थच्छटा लाभली आहे. प्रवरानगर येथे 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला व पुढे जिल्हाभर कारखाने निघाले. तेव्हापासून नुसते ‘तोड आली’ म्हटले तरी ऊसतोडच समजली जाते. ऊस जमिनीलगत तोडला तरी त्याच्या बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात आणि ‘खोडवा’ उभा राहतो. तोडीनंतर पीक पुन्हा येते, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. तोच अनुभव नकळत वृक्षाला लावला गेला म्हणजे घोटाळा होतो.

शेंडा व मोठ्या फांद्या अधेमधे छाटलेल्या कडुनिंबालाही दाट धुमारे येतात, आणि पाहणाऱ्यास झाड जोमाने वाढले असे वाटते. वस्तुतः हे धुमारे सुप्त डोळ्यांतून निघालेले असून त्यांची बैठक लाकडाच्या केवळ बाहेरच्या थरांत असते. नैसर्गिक फांदीभोवती खोडाचे लाकूड वर्षानुवर्षे गुंफत गेलेले असते; तसा आधार यांना नसतो. खाली उघड्या राहिलेल्या छेदातून कूज आत शिरते, वर धुमारे जड होत जातात, आणि काही वर्षांनी वळिवाच्या वाऱ्यात ते मुळाशी उखडून पडतात. उसाला जो खोडवा म्हणायचा, तो वृक्षाच्या बाबतीत पुढच्या अपघाताची पूर्वतयारी ठरतो.

दुसरा भाषिक भ्रम ‘जखम भरून येते’ या प्रयोगात आहे. माणसाच्या त्वचेप्रमाणे वृक्षाचे जखमी लाकूड पुन्हा पूर्ववत होत नाही. अमेरिकेतील वनखात्याचे संशोधक अॅलेक्स शायगो यांनी 1977 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेत हे सविस्तर मांडले. वृक्ष कुजलेल्या भागाभोवती जणू भिंती घालून तो अलग करतो आणि त्यावरून नवे लाकूड वाढवितो. तेव्हा जखम ‘भरत’ नाही, ती ‘कोंडली’ जाते. या दृष्टीने फांदी कोठे कापावी हा प्रश्न निर्णायक ठरतो. फांदी जेथे खोडातून निघते तेथे सालीचे एक फुगीर वळे दिसते. छेद त्या वळ्याच्या लगेच बाहेर घ्यावा. वळे कापले तर भिंत घालणारा भागच नाहीसा होतो. उलट लांब खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो व पुढे तेथे ढोली पडते. जड फांदी तीन छेदांत उतरवावी. प्रथम खोडापासून हातभर अंतरावर खालून अर्धवट, नंतर त्याच्या किंचित पलीकडे वरून पूर्ण, आणि शेवटी उरलेला खुंट वळ्याजवळ. असे केल्याने फांदी पडताना खोडाची साल सोलली जात नाही. एका हंगामात हिरव्या पसाऱ्याचा चतुर्थांशाहून अधिक भाग काढू नये.

मुळांविषयीही असेच. पाणी व अन्नरस शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दीडएक फुटात, फांद्यांच्या घेराच्या पलीकडेपर्यंत पसरलेली असतात. म्हणून खोडाला टेकून केलेले आळे मोठ्या वृक्षाला फारसे उपयोगी नसते, आणि अंगणभर घातलेली फरशी कुऱ्हाडीइतकीच घातक ठरू शकते. पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे.

मग हे काम करणाऱ्यास म्हणावे काय? मराठीत ‘माळी’ आहे, कथेतला ‘लाकूडतोड्या’ आहे; ‘वृक्षतज्ज्ञ’ हा शब्द सभेत चालतो, अंगणात चालत नाही. ही उणीव केवळ कोशाची नाही. ‘लाकूडतोड्या’ या नावातच त्याचे वेतन कशात आहे हे सूचित झाले आहे. मजुरीच्या बदल्यात लाकूड नेण्याचा करार झाला की जितके अधिक कापावे तितका लाभ अधिक, आणि कापणाऱ्याचे हित वृक्षाच्या हिताविरुद्ध उभे राहते. यात त्या माणसाचा दोष नसून कराराच्या भाषेचा आहे. मजुरी रोख ठरवून लाकडाचा हिशेब वेगळा ठेवला, तर तोच माणूस वृक्षाची निगा राखणारा होऊ शकतो.

जिल्ह्याने सामाजिक व्यवहाराला एक प्रभावी शब्द दिला आहे. हिवरे बाजार येथे 1989 नंतरच्या ग्रामसुधारणेत ‘चराईबंदी’च्या जोडीने ‘कुऱ्हाडबंदी’ पाळली गेली. उजाड डोंगर हिरवे करताना हा निषेध आवश्यकच होता. परंतु घराशेजारच्या वृक्षाला निषेध पुरत नाही. वाळलेली, तडकलेली फांदी वेळीच काढावीच लागते. कायद्याची भाषा मात्र सावध आहे. नागरी क्षेत्रांसाठीच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण अधिनियमात झाड ‘तोडणे’ याच्या व्याख्येत जाळणे, कापणे व कोणत्याही रीतीने इजा करणे यांचा समावेश आहे, आणि त्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. 1964 च्या अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, चंदन इत्यादी वृक्ष आहेत.

तात्पर्य, अंगणातील वृक्षाविषयीचे वाक्य बागेतील वाक्याइतके पूर्ण असावे. कोणती फांदी, कोणत्या कारणासाठी, कोठपर्यंत, कोणत्या महिन्यात, कोणाच्या परवानगीने, आणि उतरलेले लाकूड कोणाचे, ही सहा पदे कामापूर्वी झाडाखाली उभे राहून, फांदीकडे बोट दाखवून उच्चारली जावीत. वीजतारेजवळची फांदी असेल तर प्रवाह बंद झाल्याची खात्री हे सातवे पद होय. द्राक्षाच्या वेलीची चुकीची छाटणी झाली तर एक हंगाम जातो. साठ वर्षांच्या कडुनिंबाचा शेंडा गेला तर तो पाहणाऱ्याच्या हयातीत पुन्हा येत नाही.