बॉम्बची ‘माता’ आणि बॉम्बचा ‘पिता’

११ मार्च २००३ रोजी अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील एग्लिन हवाई तळावर सुमारे ९,८०० किलो वजनाच्या एका बॉम्बची चाचणी झाली. इराकवरील आक्रमणास तेव्हा थोडेच दिवस उरले होते. या बॉम्बच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून ‘मोअब’ हा शब्द होतो. त्याच अक्षरांतून ‘सर्व बॉम्बची माता’ असा दुसरा अर्थ काढण्यात आला आणि तोच जगभर रूढ झाला. १९९१ च्या आखाती युद्धाला सद्दाम हुसेन यांनी ‘सर्व युद्धांची माता’ म्हटले होते, त्याची ही खोचक परतफेडच म्हणावयाची. रशियाने पुढे याहून वरची बोली लावली. ११ सप्टेंबर २००७ रोजी तेथील सरकारी दूरचित्रवाणीवर एका नव्या बॉम्बची चाचणी दाखविण्यात आली आणि त्याला नाव मिळाले ‘सर्व बॉम्बचा पिता’. ज्या शब्दांनी जन्म देणाऱ्यांना हाक मारावयाची, ते शब्द दोन महासत्तांनी कशासाठी खर्ची घातले!

अमेरिकी बॉम्बची शक्ती सुमारे ११ टन टीएनटी इतकी मानली जाते. रशियाचा दावा मात्र असा की, आपला बॉम्ब वजनाने हलका, सुमारे ७,१०० किलोचा, असूनही त्याची शक्ती ४४ टनांची आहे. बाहेरच्या अनेक तज्ज्ञांनी या आकड्याविषयी शंका घेतली. तरीही यामागील शास्त्र खोटे नाही. साध्या स्फोटकाला ज्वलनासाठी लागणारा प्राणवायू आपल्याच पोटात वाहून न्यावा लागतो. येथे इंधनाचा ढग हवेत पसरवून पेटविला जातो आणि प्राणवायू भोवतालच्या हवेतून फुकट मिळतो. हा गुण धान्याच्या पिठातही आहे. २ मे १८७८ रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात हवेत उडालेल्या पिठाच्या धुळीने पेट घेतला आणि एक प्रचंड गिरणी उद्ध्वस्त होऊन १८ माणसे दगावली. त्या अपघाताने गिरणीमालकांना धूळ शोषून घेणारी यंत्रे बसविण्याचा धडा दिला. शस्त्रे बनविणाऱ्यांनी त्याच गुणधर्मापासून नेमका उलटा धडा घेतला.

रशियाचे एक सेनाधिकारी तेव्हा म्हणाले की, हा बॉम्ब परिणामात अण्वस्त्राच्या तोडीचा आहे, परंतु त्याने पर्यावरण दूषित होत नाही. पहिल्या विधानाचा हिशेब मांडून पाहावा. हिरोशिमावरील बॉम्ब सुमारे १५,००० टनांचा होता. ४४ टन म्हणजे त्याचा जेमतेम तीनशे चाळीसावा भाग. खरे भय दुसऱ्या विधानात आहे. अण्वस्त्र वापरताना सत्ताधाऱ्याचा हात आज थरथरतो, तो किरणोत्सर्गाच्या आणि जगाच्या निंदेच्या धाकाने. ‘स्वच्छ’ म्हणून मिरविलेल्या शस्त्राला असा कोणताच अडसर राहत नाही.

आणि तसेच घडले. १३ एप्रिल २०१७ रोजी अफगाणिस्तानच्या नांगरहार प्रांतातील अचिन जिल्ह्यात, ‘इस्लामिक स्टेट’च्या भुयारांवर, अमेरिकेने ‘माता’ टाकली. युद्धात तिचा हा पहिलाच वापर. ती इतकी अवजड की मालवाहू विमानाच्या मागील दारातून खाली सोडावी लागते. अफगाणिस्तानचे माजी राष्ट्राध्यक्ष हमीद करझाई यांनी त्याच दिवशी संताप व्यक्त केला की, आपल्या देशाला नव्या व घातक शस्त्रांची प्रयोगभूमी बनविले जात आहे.

एवढ्या वजनाचे बॉम्ब ही काही आजची कल्पना नव्हे. ब्रिटनचे अभियंते बार्न्स वॉलिस यांनी रचलेला सुमारे दहा टनांचा ‘ग्रँड स्लॅम’ १४ मार्च १९४५ रोजी जर्मनीतील बीलेफेल्ड येथील रेल्वेपुलापाशी पडला आणि हादऱ्याने पूल ढासळला. याच वॉलिस यांनी त्याआधी पाण्यावर उसळ्या घेणारा बॉम्ब शोधून काढला होता. त्याने मे १९४३ मध्ये जर्मनीची धरणे फुटली. पुरात तेराशेच्या आसपास माणसे बुडाली, त्यांत सक्तीने राबविले जाणारे परदेशी मजूरही बरेच होते. मोहिमेवर गेलेल्या १३३ वैमानिक व सहकाऱ्यांपैकी ५३ जण मारले गेले, याचा वॉलिस यांना जबर धक्का बसला. युद्धानंतर सरकारने त्यांच्या शोधांबद्दल १०,००० पौंडांचे पारितोषिक दिले. वॉलिस यांनी ती रक्कम स्वतःकडे न ठेवता आपल्या जुन्या शाळेकडे सोपविली, हवाई दलातील मृत सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी.