विश्लेषण : विळा हरवला तर त्याच दिवशी नवा का घ्यावा लागतो?

राजुऱ्यासारख्या जंगलपट्ट्यातील तालुक्यात विळा हे शेतकरी, शेतमजूर आणि वनोपजावर जगणाऱ्या कुटुंबाचे रोजचे पाते. तो कशापासून बनतो, चांगला कसा ओळखायचा, जंगलात नेल्यास जप्त होऊ शकतो का आणि कायद्याच्या नजरेत तो शस्त्र आहे का?

सोयाबीन कापणीच्या दिवसांत बांधावर ठेवलेला विळा सापडेनासा झाला की काम तिथेच थांबते. शेजारणीचा मागावा तर तिचा हातही रिकामा नाही, कारण कापणीला येणारी प्रत्येक बाई आपापला विळा घेऊनच येते. कापणी अनेकदा एकरावर ठरवून दिली जाते. जितके कापले तितके पैसे. त्यामुळे हरवलेल्या विळ्याचा खरा हिशेब त्याच्या किमतीत होत नाही, बुडालेल्या मजुरीत होतो. घरातील दुसरी कितीतरी हत्यारे हरवली तरी आठवडी बाजारापर्यंत थांबता येते. विळ्यासाठी मात्र त्याच संध्याकाळी लोहाराचे दुकान गाठले जाते.

विळा नेमका कशाकशाला लागतो?

वर्धा नदीकाठचा राजुरा तालुका कापूस, सोयाबीन, तूर आणि धान पिकवतो. कापूस हाताने वेचला जातो. सोयाबीन, धान, जनावरांचा चारा, बांधावरचे गवत यांना मात्र विळाच लागतो. शेताबाहेरही त्याचे काम संपत नाही. कुंपणासाठी काट्या तोडणे, छपरासाठी गवत कापणे, वेल सोडवणे अशी डझनभर कामे त्यावर निघतात. तेंदूचे पान हातानेच खुडतात, पण चांगली कोवळी पाने फुटावीत म्हणून हंगामाआधी झुडपे छाटावी लागतात. तिथेही धारेचे हत्यार हवेच.

स्वयंपाकघरात त्याची धाकटी बहीण असते. पश्चिम महाराष्ट्रात तिला विळी म्हणतात, नागपूर-वऱ्हाडाकडे पावशी. पाते पाटाला पक्के आणि भाजी दोन्ही हातांत, ही तिची रचना. तेलंगणात तिलाच ‘कत्तीपीट’ म्हणतात, तर विळ्याला ‘कोडवली’. हे शब्द राजुऱ्याला परके नाहीत. निजामाच्या हैदराबाद संस्थानात हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला आणि १९५९मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्याला जोडला गेला. सीमेवरच्या या भागात भाषा बदलली तरी हातातील पाते तेच राहते.

पाते येते कुठून?

गावातील लोहाराच्या भात्यावर बनणाऱ्या बहुतेक चांगल्या विळ्यांचे मूळ ट्रकच्या खाली असते. मालमोटारीच्या कमानपाट्याचे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचे पोलाद भंगारात मिळते. या पोलादात साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या आसपास कार्बन असतो. तो फार कमी असेल तर धार टिकत नाही, फार जास्त असेल तर पाते ठिसूळ होते. कमानपाटा या दोन्हींच्या मधला. रोज हजारो धक्के सोसण्यासाठी बनवलेला असल्याने तो लवचीकही असतो. याउलट बांधकामाच्या साध्या सळईत कार्बन कमी. त्या लोखंडाचा विळा दिसायला तसाच असला तरी दोन ओळी कापून बोथट होतो.

‘पाणी देणे’ म्हणजे काय?

लोहार पाते तापवून, ऐरणीवर घडवून, कानशीने धार काढतो. तिथवरचे काम डोळ्यांना दिसते. विळ्याचे आयुष्य ठरते ते पुढच्या काही सेकंदांत. लालभडक पाते पाण्यात किंवा तेलात बुडवले जाते. यालाच पाणी देणे किंवा पाणी पाजणे म्हणतात.

ठरावीक तापमानाच्या वर पोलादातील अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन लोखंडात विरघळतो. सावकाश थंड केले तर तो पुन्हा बाहेर पडायला वेळ मिळतो आणि पोलाद मऊ राहते. एकदम थंड केले तर कार्बन आतच अडकतो आणि पोलाद कठीण बनते. योग्य ताप कसा ओळखायचा? अनुभवी लोहार रंगावरून ओळखतो, म्हणूनच भट्टी सावलीत असते. याची एक सोपी खूणही आहे. साधारण ७७० अंश सेल्सियसला लोखंडाला चुंबक चिकटणे बंद होते. त्यानंतर थोडे आणखी तापवले की पाते बुडवण्याजोगे होते.

एवढे कठीण केलेले पाते मात्र काचेसारखे तडकू शकते. म्हणून ते पुन्हा हलके तापवून थोडे नरम करतात. घासून चकचकीत केलेल्या भागावर गवताच्या काडीसारखा पिवळसर रंग आला, म्हणजे साधारण २०० अंशांच्या पुढे, की थांबायचे. निळा रंग आला तर ताप जास्त झाला आणि धारेचा कठीणपणा कमी झाला असे समजायचे.

शेवटची ही खूण घरीही उपयोगाची आहे. बाजारात विजेच्या ग्राइंडरवर धार लावून घेताना ठिणग्यांच्या पावसात पात्याची कड निळी पडली, तर लोहाराने दिलेले पाणी त्या जागी उतरले. अशी धार पहिल्या दिवशी छान लागते आणि तिसऱ्या दिवशी बसते. म्हणून पाते मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगावे, किंवा दगडावर ओल्यानेच पाजवून घ्यावे.

साधा घ्यावा की दातेरी?

दुकानात आता दोन्ही मिळतात. सपाट धारेचा विळा घरच्या घरी पाजवता येतो आणि गवत, चारा, फांद्या अशा सगळ्या कामांना चालतो. दातेरी विळा करवतीसारखे काम करतो. मुठीत धरलेला धांडा झटका न देता ओढून कापता येतो, त्यामुळे मनगटावर ताण कमी येतो आणि झाड हलून शेंगा कमी फुटतात. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने विकसित केलेला ‘नवीन’ विळा याच जातीचा. धानकापणीसाठी शिफारस होणारा ‘वैभव’ विळाही दातेरीच. जमिनीलगत कापणी होत असल्याने धसकटात दडणाऱ्या खोडकिडीला आळा बसतो, हा त्याचा आणखी एक फायदा सांगितला जातो.

उणे बाजूही आहे. दाते झिजले की दगडावर घासून भागत नाही, ते पुन्हा पाडून घ्यावे लागतात. शिवाय बहुतेक दातेरी विळ्यांची धार एकाच बाजूने उतरवलेली असते, त्यामुळे डावखुऱ्या माणसाला तो अडतो. वर्षभर सगळ्या कामांना एकच विळा ठेवायचा असेल तर साधा बरा. हंगामात सोयाबीन किंवा धान कापायला दुसरा दातेरी ठेवता आला तर उत्तम.

नवा घेताना काय पाहावे?

• धारेवरून कानस हलकेच फिरवावी. ती घसरली तर पाते कठीण आहे. सहज रुतून चुरा निघाला तर पाणी नीट दिलेले नाही.
• पाते डोळ्यासमोर धरून पाहावे. कड एका रेषेत हवी, पीळ नको.
• पात्याचे शेपूट मुठीत खोलवर गेलेले हवे आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे हवे. ते नसेल तर लाकूड चिरते आणि ऐन ओढताना पाते निसटते.
• मूठ आपल्या पंजाला पुरेशी असावी. दुकानातील अनेक मुठी पुरुषांच्या हाताच्या मापाच्या असतात, प्रत्यक्षात विळा चालवतात त्या बहुतांशी बाया.
• घरी आणल्यावर मुठीला लाल किंवा पिवळी चिंधी बांधावी. हिरव्या-तपकिरी शेतात हरवलेला विळा शोधायला इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

जंगलात नेलेला विळा जप्त होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि राजुऱ्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७च्या कलम ५२नुसार वनगुन्हा घडल्याचे मानण्यास कारण असेल, तर वनोपजासोबत त्यासाठी वापरलेली हत्यारे, गाड्या आणि जनावरेही वन अधिकारी किंवा पोलीस जप्त करू शकतात. सरपणासाठी गेलेल्या माणसाच्या दृष्टीने मोळीपेक्षा हत्यार जाणे जास्त महागात पडते.

दुसऱ्या बाजूला वनहक्क कायदा, २००६ आहे. त्यातील कलम ३(१)(ग) पात्र वननिवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क देते. बांबू, मध, तेंदूपान, कंद हे सारे गौण वनोपजात येते. गोळा केलेला माल डोक्यावरून, सायकलवरून किंवा हातगाडीवरून नेणे नियमांना मान्य आहे. म्हणजे बांबू तोडणारे तेच पाते एका कायद्यात जप्तीची वस्तू आहे आणि दुसऱ्यात हक्क बजावण्याचे साधन. फरक पडतो तो गावाचा हक्क मान्य होऊन कागदावर आला आहे की नाही, यावर.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०११मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेकडे बांबूचे वाहतूक परवाने आले. राजुऱ्याला लागून असलेल्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२मध्ये सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. पाचगावच्या ग्रामसभेने बांबूतून रोजगार उभा केला. तेंदूपानाच्या व्यवसायात मात्र न उतरण्याचा निर्णय घेतला, कारण त्यासाठी होणारी छाटणी आणि लावल्या जाणाऱ्या आगी जंगलाला मारक ठरतात. हत्यार कुठे उचलायचे यासोबत कुठे उचलायचे नाही, हेही गावच ठरवू लागले.

विळा हे शस्त्र आहे का?

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक उपयोगासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. विळ्याचे पाते वळणासकट मोजले तर नऊ इंचांपुढे जाऊ शकते, तरी शेतीचे हत्यार म्हणून त्याला परवाना लागत नाही.

ही सूट कामापुरती आहे हे लक्षात ठेवावे. निवडणूक, सण किंवा तणावाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीसोबत हत्यारे बाळगण्यावरही बंदी येते. अशा वेळी विळा गुंडाळून, शेताच्या वाटेवर, कामापुरताच न्यावा. भांडणात तो उगारून कोणाला जखम केली, तर १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८नुसार घातक हत्याराने इजा केल्याचा गुन्हा दाखल होतो. तेव्हा ‘हा तर शेतीचा विळा’ हे उत्तर चालत नाही.

वाघाच्या पट्ट्यात विळा किती कामाचा?

राजुऱ्याने याची किंमत मोजली आहे. २०१९ आणि २०२०मध्ये ‘आरटी-१’ या वाघाच्या हल्ल्यांत या भागातील अनेक जणांचा जीव गेला. ऑक्टोबर २०२०मध्ये त्याला जेरबंद करण्यात आले. विळा हातात असल्याने धीर येतो, संरक्षण मिळत नाही. उलट गवत कापताना माणूस वाकलेला, नजर जमिनीवर आणि कान पानांच्या आवाजात असतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला न जाणे, गटाने जाणे, आपसांत बोलत राहणे आणि एकाने उभे राहून लक्ष ठेवणे, हेच खरे उपाय.

हात कापला तर?

गंजलेल्या विळ्याने धनुर्वात होतो, असा समज आहे. धनुर्वाताचे जंतू गंजात तयार होत नाहीत. ते मातीत आणि शेणात असतात, आणि विळा तिथेच पडलेला असतो. म्हणून चकचकीत नव्या विळ्याची जखमही तितकीच गंभीर समजावी. वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुवावी, स्वच्छ फडक्याने दाबून रक्त थांबवावे. हळद, माती, तंबाखू भरू नये. जखम खोल किंवा मातीने माखलेली असेल आणि धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील किंवा आठवतच नसेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. बोट सुन्न पडले किंवा वाकेनासे झाले, तर शीर किंवा स्नायूचा दोर कापला गेल्याची शक्यता असते. ती जखम घरी बांधून ठेवण्याची नाही.

जुना विळा फेकावा का?

झिजलेला विळाही लोहाराकडे परत जातो. पाते चांगल्या पोलादाचे असेल तर ते पुन्हा तापवून, ठोकून, पाणी देऊन आणखी काही हंगाम चालते. मूठ तर घरीच बदलता येते. कापणी संपल्यावर माती पुसून, तेलाचा हात फिरवून विळा कोरड्या जागी आढ्याला खोचला की पावसाळा निभावतो. दसऱ्याच्या तोंडावर, खंडेनवमीला घरातील हत्यारे पुजली जातात. सोयाबीनची कापणीही साधारण त्याच दिवसांत जोर धरते. पूजेला मांडण्याआधी मूठ हलते का, पाणी उतरले आहे का, एवढे पाहून घेतले तर ऐन कापणीत बाजाराला धावण्याची वेळ येणार नाही.